रात्री नऊला सोलापूर, सकाळी साडेसातला अलास्का

मे महिन्यात आपल्याकडं रात्री नऊला गच्चीची फरशी तापलेलीच असते. त्याच वेळी अलास्कातल्या अँकरेजमध्ये सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि पारा सात-आठ अंशांवर असतो. साडेतेरा तासांचा हा फरक नोकरदार सिमवाल्याला, म्हणजे संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान उडवणाऱ्याला, देवानंच दिलाय. सिममध्ये तिकडची खरी वेळ आणि थेट हवामान चालू ठेवायचं, जेवण उरकून खुर्चीत बसायचं, की तिकडं कोवळं ऊन हजर. हिवाळ्यात मात्र हे गणित बिघडतं. तेव्हा फरक साडेचौदा तासांचा होतो आणि अँकरेजला सूर्य उगवतो सकाळी दहाच्या सुमारास. म्हणजे जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तिकडचा उजेड गाठायचा तर आपल्याला मध्यरात्र उलटेपर्यंत जागावं लागतं. ज्यांना जमत नाही त्यांनी सरळ सिममधलं घड्याळ हातानं पुढं सरकवावं, पाप लागत नाही.

प्रवास असा: अँकरेजच्या मेरिल फील्ड विमानतळावरून उडायचं, कुक इनलेट ही लांबलचक खाडी ओलांडायची, लेक क्लार्क खिंडीतून डोंगररांगेच्या पलीकडं जायचं आणि पोर्ट अल्सवर्थ नावाच्या तळ्याकाठच्या वस्तीत खडीच्या धावपट्टीवर उतरायचं. सरळ रेषेत सुमारे १४५ नॉटिकल मैल, म्हणजे २७० किलोमीटरच्या आसपास, पुण्याच्या रस्त्यापेक्षा थोडं जास्त. वळणं धरून सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानाला दीड तास लागतो. रस्ता नाहीच, पोर्ट अल्सवर्थला माणूस आणि किराणा दोन्ही विमानानंच पोचतात. मी सेसनात, आणि जुळे सोलापुरातल्या घरी बसलेला मामेभाऊ दुसऱ्या सेसनात माझ्यामागं, कानाला हेडफोन. त्याला आधी जेट घ्यायचं होतं. मी नको म्हणालो. तीनशे नॉटनं, म्हणजे ताशी साडेपाचशे किलोमीटरनं गेलं तर ही खिंड म्हणजे दोन वळणं आणि काम खल्लास. रानातून जायचं तर विमान हळू आणि खाली पाहिजे, आणि सिमच्या नकाशावरची वाट दाखवणारी रंगीत रेघ बंद पाहिजे. नाहीतर घरबसल्या गुगलवर फोटो बघितलेले बरे.

तयारी सोलापुरातच करा. होटगी रोडच्या विमानतळावरून, सिममध्ये कोड व्हीएएसएल, भर दुपारी ४३ अंशांत सेसना उडवून बघा. आपण समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांच्या आसपास आहोत, पण त्या उन्हात हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५,२०० फुटांवर असल्यासारखं वाटतं. धाव लांबते, चढ रेंगाळतो. हेच विमान अँकरेजच्या थंड सकाळी, जवळजवळ समुद्रसपाटीवरून, टुणकन उडतं. ही सवय नसेल तर तिकडं पहिल्या मिनिटाला नाक फार वर जातं.

दुसरा सराव वळणाचा, आणि तो मी सक्तीचा म्हणेन. हिप्परग्याच्या तलावावर जा, उंची धरून ठेवा आणि ३० अंश कलून उलट फिरा. ११० नॉट वेगानं हे वळण साधारण १,१०० मीटर रुंदी खातं. ७० नॉटवर, दहा अंश फ्लॅप (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) लावून, तेच ४६० मीटरमध्ये बसतं. वेग दुप्पट झाला की वळणाची त्रिज्या चौपट होते, हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, तलावाच्या काठावर नजर ठेवून फिरलं की शिरतं. खिंडीत परत फिरता येणं म्हणजेच खिंडीत जाण्याची परवानगी, एवढा एकच नियम आम्ही ठेवला होता.

नकाशासाठी पैसे घालवू नका. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाचे, म्हणजे एफएएचे, पाच लाखास एक प्रमाणाचे विमान नकाशे फुकट उतरवून घेता येतात. एक सेंटिमीटर म्हणजे पाच किलोमीटर. आम्ही लागणारा तुकडा छापून घेतला आणि त्यावर पेन्सिलीनं दर दहा मिनिटांची खूण केली. होकायंत्राचं एक ध्यानात ठेवा: आपल्याकडं होकायंत्र दाखवतं ती चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांत फरक नगण्य आहे, म्हणून इथं शिकलेला माणूस तो विसरूनच जातो. अँकरेजच्या भागात हा फरक पूर्वेकडं सुमारे १५ अंश आहे. नकाशावर मोजलेल्या दिशेतून तेवढे वजा करायचे. वजा न करता दीड तास उडत राहिलात तर ३५-४० नॉटिकल मैल बाजूला जाल, आणि तिकडं बाजूला म्हणजे बर्फात.

आता खरा खजिना. एफएएनं अलास्काभर हवामानाचे कॅमेरे बसवलेत आणि त्यांची चित्रं कुणालाही बघता येतात. लेक क्लार्क खिंडीतही असे कॅमेरे आहेत. प्रत्येक चित्राशेजारी स्वच्छ दिवसाचं चित्र ठेवलेलं असतं, त्यावर डोंगरांची अंतरं लिहिलेली. दोन्हींची तुलना केली की ढग कुठवर उतरलाय ते कळतं. आम्ही सिमचं हवामान बघायच्या आधी हे बघत होतो. सिममधला ढग हवामानाच्या संगणकी अंदाजावरून येतो आणि त्या अंदाजाच्या जाळीचे चौकोन अरुंद दरीच्या मानानं मोठे असतात. सिममध्ये लख्ख ऊन आणि कॅमेऱ्यात दरी धुक्यानं भरलेली, असंही दिसतं. आम्ही ठरवलं होतं की कॅमेरा नको म्हणाला तर जायचं नाही. मामेभावाला हे पटायला वेळ लागला. ‘अबे, गेम आहे की बे,’ म्हणून. पण एका संध्याकाळी कॅमेऱ्यात खिंड गायब होती तेव्हा तोच म्हणाला, उद्या जाऊ.

मेरिल फील्ड १९३० पासूनचं, गावाच्या कुशीतलं आणि लहान विमानांनी गजबजलेलं. ज्याच्या नावानं ते आहे तो वैमानिक रसेल मेरिल १९२९ मध्ये कुक इनलेटवरून जाताना बेपत्ता झाला. डोंगररांगेत त्याच्या नावाची एक खिंडसुद्धा आहे. ती जास्त उंच, जास्त अरुंद, आणि तिथं पडलेल्या विमानांचे सांगाडे आहेत. नवख्यानं तिकडं वळू नये. पश्चिमेला खाडीपलीकडं सुसिटना डोंगर दिसतो, तिथले लोक त्याला झोपलेली बाई म्हणतात. आकार बघितला की का ते विचारावं लागत नाही.

खाडी ओलांडताना उंची घ्या. सेसना १७२ इंजिन बंद पडल्यावर एक भाग खाली येताना साधारण नऊ भाग पुढं सरकतं, म्हणजे ५,००० फुटांवरून सात नॉटिकल मैलांच्या आसपास. त्यामुळं काठ गाठता येईल इतक्या अंतरावरच राहायचं, मधोमध घुसायचं नाही. पाणी गोठवणारं आणि काठावर भरती-ओहोटीचा खोल चिखल. सिममध्ये भरती येत नाही, उपग्रहानं फोटो काढला त्या क्षणीचा चिखल कायमचा तिथं. इंधन मिश्रण ३,००० फुटांवर थोडं पातळ करा, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी करा. टाक्या भरलेल्या ठेवा. सुमारे २०० लिटर वापरता येतं आणि ताशी ३४ लिटरच्या आसपास जातं, म्हणजे जाऊन परत येऊनही भरपूर उरतं.

पुढं टायोनेक गाव डाव्या हाताला ठेवून ट्रेडिंग बेचा पाणथळ पट्टा. उजवीकडं माउंट स्पर, समोर डावीकडं रिडाउट. हे दोन्ही जिवंत ज्वालामुखी. रिडाउटची उंची ३,१०८ मीटर. त्याच्या राखेत शिरून १५ डिसेंबर १९८९ रोजी केएलएमच्या जंबो जेटची चारही इंजिनं बंद पडली होती; ती पुन्हा चालू झाली आणि विमान अँकरेजला सुखरूप उतरलं. स्वच्छ सकाळी त्या पांढऱ्या सुळक्याकडं बघून हे खरं वाटत नाही.

बिग रिव्हरच्या तळ्यांपाशी खिंडीचं तोंड आहे आणि इथं घाई नडते, कारण शेजारच्या दऱ्याही तशाच दिसतात. नकाशावर बोट ठेवा, तळी मोजा, मग आत जा. खिंडीचा माथा जेमतेम हजार फुटांवर आहे. आम्ही २,५०० फूट धरले आणि वेग ८५ नॉटवर आणला. दरीच्या उजव्या कडेनं जायचं: समोरून येणारा डावीकडून सुटतो आणि फिरायचं झालं तर सगळी रुंदी डाव्या हाताला मोकळी मिळते. मधून जाणारा माणूस निम्मी दरी वाया घालवतो.

मग हिमनद्या येतात, दोन्ही बाजूंनी. माथ्याजवळ तर बर्फाची जीभ दरी अडवायलाच आल्यासारखी खाली उतरते आणि दरी तिथंच वळते, त्यामुळं क्षणभर पुढं वाट नाही असं वाटतं. हेडफोनमध्ये आवाज आला, ‘दादा, बंद हाय की पुढं!’ घड्याळ सांगत होतं की वळण अजून एक मिनिटभर लांब आहे. मिनिटानं दरी उघडली. पेन्सिलीच्या खुणा याच्यासाठी. माथ्यापलीकडं टिलिकाकिला नदी सुरू होते, राखाडी पाणी वेण्यांसारखं पसरलेलं, आणि ती थेट लेक क्लार्कला नेऊन सोडते. तळ्याचा रंग हिरवा-निळा, हिमनदीनं दळलेल्या दगडाच्या पिठामुळं. इथं सिमच्या चित्राला दाद द्यावी लागते. झाडांना मात्र नाही. ती सगळी एका साच्यातली, आणि काही धावपट्टीच्या तोंडाशीच उगवलेली.

पोर्ट अल्सवर्थला खडीवर उतरताना ब्रेक दाबून ठेवू नका, योक (विमानाचं सुकाणू) मागं ओढून नाकाचं चाक हलकं ठेवा. उतरण्याआधी एक फेरी मारून पाण्यावरच्या लाटांवरून वारा बघा.

तांत्रिक बाजू थोडक्यात. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये हा भाग आधीच उतरवून साठवता येतो, २०२४ च्या आवृत्तीत बहुतेक दृश्य नेटवरूनच सतत येतं. नेट लंगडत असेल तर जुनीच बरी. पैसेच घालायचे नसतील तर फ्लाइटगिअर फुकट आहे. दृश्य साधं, पण नकाशा आणि घड्याळानं उडायला पुरेसं. पहिला खर्च वळणारी दांडी असलेल्या जॉयस्टिकवर करा, ग्राफिक कार्डावर नंतर. आणि वळवाच्या दिवसांत लाईटचा भरवसा नाही, तेव्हा संगणकाबरोबर नेटच्या राउटरलाही यूपीएस जोडा. आमच्याकडं संगणक चालू आणि राउटर बंद, अशी गंमत होऊन मामेभाऊ आकाशातून गायब झाला होता.

पोर्ट अल्सवर्थहून पुढं दोन वाटा. उत्तरेला ट्विन लेक्स, जिथं रिचर्ड प्रोएनेकी या माणसानं १९६८ मध्ये हातानं लाकडी खोपटं बांधलं आणि पुढची तीसएक वर्षं बहुतेक तिथंच काढली. त्याचं सामान पोचवायचा तो बेब अल्सवर्थ, ज्याच्या नावानं ही वस्ती आहे. तिकडं पाण्यावर उतरणारं विमान घ्या. दक्षिणेला इलियाम्ना आणि तिथून किंग सॅलमन. वाट थोडी पूर्वेला वाकवली की १९१२ मध्ये नोव्हारुप्टाच्या उद्रेकानं राखेखाली गाडलेली दरी दिसते. विसाव्या शतकातला तो सगळ्यात मोठा उद्रेक. तिथं वारा डोंगरावरून खाली कोसळतो, तेव्हा कड्याकडं सरळ नाक करून न जाता ४५ अंशांत तिरकं जा. किंग सॅलमनला लांबलचक डांबरी धावपट्टी आहे, दमल्यावर उतरायला उत्तम.