काळी वाकी: तिसरा प्रयत्न

दंडावर बांधायच्या चामडी पट्ट्याच्या आधीच्या दोन वाक्या वाया गेल्या. पहिली घसरायची. दुसरी बायकोने मूठ आवळली की दंडात रुतायची, कारण माप मी हात सैल सोडून घेतलं होतं. आता दोन्ही मापं आहेत: सैल 29 सेंटिमीटर, आवळून 31.5. भोकं पाच, सेंटिमीटरवर एक. तयार पट्टे इथे सॅन फ्रान्सिस्कोतही बहुतेक पुरुषी दंडाच्या मापाचेच दिसले, म्हणून हा उद्योग.

चामडं सालीत कमावलेलं, 7 औंसांचं, म्हणजे साधारण 2.8 मिलिमीटर जाड. दुसऱ्या वाकीचा बाजारी काळा रंग घामाने तिच्या पांढऱ्या शर्टाला लागला होता. या खेपेला तेल धुतलेला लोखंडी तारेचा चोथा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन आठवडे ठेवला (झाकण सैलच ठेवा, गॅस धरतो). चामड्याला आधी हिरड्याचं पाणी पाजलं, मग गाळलेलं व्हिनेगर. ब्रश फिरला तसं ते राखी, मग निळसर, मग काळंकुट्ट झालं. हा वरून चढवलेला रंग नव्हे. लोखंड टॅनिनला धरून काळं पडतं. हिरड्याची जुनी शाई अशीच व्हायची. क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यावर हे जमत नाही, त्यात टॅनिनच नसतं. शेवटी खायच्या सोड्याचं पाणी, मग तेल.

कोल्हापुरीचं चामडंही हिरड्या-बाभळीतच कमावतात. आजीच्या घरी ती वहाण दाराबाहेर असायची आणि शिवणारा अंगणाबाहेर. आज तीच आरी मी ‘छंद’ म्हणून मिरवते. हे टोचतं, टोचायलाच हवं.

वाकी डाव्या दंडासाठी आहे. नवख्यांसाठी: लेदरवाले म्हणजे चामडी पेहरावाची आणि संमतीने ताबा घेण्या-देण्याच्या नात्यांची समलिंगी मंडळी. त्यांच्या जुन्या खुणेत डावीकडे घालणारी सूत्रं हातात घेते, उजवीकडे घालणारी सोपवते. खूण पुरुषांच्या बारमधून आली, पण बायकांनी ती आपलीशी केली. ‘सामोईस’ ही लेस्बियन लेदर बायकांची संघटना इथेच 1978 मध्ये उभी राहिली आणि 1983 मध्ये मोडली. बाहेरून शिव्या होत्याच, स्त्रीवादी मैत्रिणींकडूनही कमी पडल्या नाहीत.

त्या काळातली एक बाई आमच्या महिन्याच्या बैठकीला येते, सत्तरीची. तिच्या जाकिटावरचे बिल्ले वेगवेगळ्या हातांनी शिवलेले आहेत, टाक्यांवरून कळतं. तिने माझी वाकी घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली. पाठीकडचे टाके मध्येच सरळ होऊन पुन्हा तिरके गेले होते. “इथे फोन वाजला का?” खरंच वाजला होता. दोन सुयांचा टाका घालताना कुठली सुई आधी, हे विसरले की असं होतं. ती आठ घरं उसवून पुन्हा घातली. मेणाचा दोरा, 4 मिलिमीटरचं अंतर.

काठ घोटून झाले, बक्कल बसलं. आणि मग लक्षात आलं की पट्ट्याचं टोक मागच्या बाजूला जातंय. एका हाताने ते ओढून लावणं बायकोला जमत नाही.

“उसवू का?”

“राहू दे. तू लाव.”

चौथ्या भोकावर बसली. पुढे कमरपट्टा, 9 औंसांचा. तोवर हिरडा अजून आणायचाय.