खाडीतलं रानमांजर आणि संपत आलेला उजेड

ठाण्यात राहतो आणि वाइल्डलाइफ फोटो काढतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, येऊरचा बिबट्या मिळाला का? नाही मिळाला, आणि खरं सांगायचं तर मी त्याच्या मागेही नाही. येऊरला लागून असलेलं संजय गांधी नॅशनल पार्क आणि आजूबाजूला बिबटे भरपूर आहेत, 2018 च्या अभ्यासात 47 निघाले होते, पण ते फिरणार रात्री आणि रात्री आपल्याला आत कोण थांबू देणार. फोटोग्राफर नयन खानोलकरांचा मुंबईतल्या आरे कॉलनीमधला जो बिबट्याचा फोटो 2016 ला वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरच्या अर्बन गटात पहिला आला तो कॅमेरा ट्रॅपवरचा आहे, म्हणजे सेन्सर, फ्लॅश, परवानग्या आणि महिनोन्महिने वाट बघणं. मला हातात कॅमेरा घेऊन, असेल त्या उजेडात काढायचा होता. म्हणून रानमांजर.

रानमांजर म्हणजे बाऊल. लोक बघतात आणि भटकी मांजर समजून पुढे जातात. पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाकडे काळे पट्टे, कानांवर बारीक काळे झुबके, अंगावर ठिपके वगैरे काही नाही, सुकलेल्या गवताचा जो रंग तोच हिचा. फोटोग्राफरसाठी हीच पहिली पंचाईत, कारण कॅमेऱ्याचा फोकस मांजर सोडून पुढच्या गवताच्या काडीवर जाऊन बसतो आणि आय डिटेक्शन, म्हणजे डोळा स्वतः शोधून फोकस करणारी सोय, गवतात सरळ हात टेकतं.

जागा नेमकी सांगणार नाही, नाहीतर उद्या तिथे टॉर्च घेऊन लाइन लागेल. ऐरोली ते घणसोलीच्या मध्ये खाडीच्या बाजूला एक जुना मातीचा बांध आहे एवढं पुरे. विटाव्याच्या पुलाखालचा ट्रॅफिक चुकवायला मी घरून लवकर निघायचो आणि स्कूटर लांब लावून चालत जायचो. नवी मुंबईत उजेडाची एक गंमत आहे, पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला खाडी. सकाळी सूर्य डोंगराआडून उशिरा वर येतो, तोपर्यंत सगळीकडे सारखा मऊ उजेड असतो, रंग छान येतात पण उजेड इतका कमी की शटर स्पीडच मिळत नाही, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि फोटो हलतो. संध्याकाळी उजेड भरपूर, पण तोंडावर. बांधावरून कांदळवनाकडे बघितलं की सूर्य समोर, आणि मांजर आलंच तर काळा ठिपका. पलीकडून काढायचं म्हटलं तर पलीकडे गुडघाभर चिखल.

यावर उपाय म्हणजे बांध जिथे वळतो ती जागा. तिथे बसलं की नजर उत्तरेकडे जाते आणि संध्याकाळचं ऊन डावीकडून येतं. मांजर कुठे दिसतं याच्या मागे धावण्यापेक्षा उजेड कुठे चांगला पडतो ते आधी ठरवायचं आणि तिथेच मुक्काम ठोकायचा, हे मला तिथे बसून पटलं. बाकी सगळे सल्ले यानंतरचे.

पण मांजर तिथे यायला पाहिजे ना! ते गणित एका आगरी काकांनी सोडवलं. ते चिंबोऱ्या म्हणजे खेकडे पकडायला यायचे, मला रोज गवतात पालथा पडलेला बघून शेवटी विचारलंच, "मांजरीचा फोटू काराला एवरी मोठी नली?" मग स्वतःच सांगितलं की पाणी चढलं की कांदळवनातले उंदीर बांधावर येतात आणि मांजर त्यांच्या मागे. भरतीची वेळ तिथीवरून काढायची, तिथीची पाऊणपट केली की तास येतात. म्हणजे पुनवेला नाहीतर अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर, डोक्यावर ऊन, जमिनीवरून गरम हवा नुसती थरथरते आणि टेलिफोटोने काढलेला फोटो फोकस बरोबर असूनही लोण्यासारखा मऊ येतो. अष्टमीला भरती सहाला, वेळ झकास पण पाण्यात जोर नाही. मधली पंचमी-षष्ठी बरी, पावणेचार-साडेचारला पाणी भरतं, ठाण्याच्या खाडीत आत यायला अजून थोडं उशिरा, आणि नोव्हेंबरात सूर्य सहाला मावळतो, म्हणजे उतरत्या उन्हाचा एक तास हातात. मोबाइलवर टाइड टेबल असतंच, पण मी आता कालनिर्णय आधी बघतो.

आता कॅमेरा. माझी लेन्स 150-600, पूर्ण झूमवर एफ 6.3, म्हणजे लेन्सचं तोंड फार उघडत नाही, उजेड कमी झाला की तीच पहिली रडायला लागते. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो किती उजळ करायचा तो आकडा, ऑटोवर, वरची लिमिट 6400. रानमांजर शिकार करताना एक गोष्ट करतं, चालता चालता थांबतं, एक पाय तसाच वर, कान पुढे, आणि गवतातला उंदीर ऐकत राहतं. तेव्हा ते हलतच नाही आणि तेव्हा 1/80 सेकंदाच्या शटरला सुद्धा फोटो निघतो, फक्त लेन्स हलता कामा नये. त्यासाठी आईने जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून दिली, आत तांदूळ. ट्रायपॉड लावत बसलो तर मांजर घणसोलीला पोचेल. मी छोटे छोटे बर्स्ट, म्हणजे लागोपाठ फोटो, मारतो, त्यातल्या एखाद्या फ्रेममध्ये डोळा शार्प मिळतो. फोकस पॉइंट एकच ठेवायचा आणि तो कानाच्या बुडाशी, कारण गवतातून तेवढंच वर दिसतं.

एक्सपोजरचं म्हणाल तर कडेने ऊन आलं की कॅमेरा गोंधळतो. मी अर्धा-एक स्टॉप कमीच ठेवतो, एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, म्हणजे पाठीवरच्या केसांची सोनेरी कड जळून जात नाही, आणि सावलीतला चेहरा नंतर रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमधून, वर काढतो. डिसेंबरच्या पुढे हवेत धूर इतका असतो की सूर्य मावळायच्या आधीच विझतो, तेव्हा सोनेरी कड वगैरे विसरायचं आणि सरळ पाऊण-एक स्टॉप जास्त द्यायचा.

टॉर्च मारून चमकणारे डोळे काढणारेही भेटतात. मला ते पटत नाही, मांजर शिकार सोडून पळतं आणि फोटोत दोन बल्ब येतात.

मनासारखा फोटो मिळाला तो षष्ठीलाच, ऊन गेल्यावर, आकाशात नुसता तांबूस उजेड उरला होता तेव्हा. आयएसओ लिमिटला टेकलेला, शटर 1/60. मांजर बांधावर बसून पुढचा पंजा चाटत होतं, पायावरचे पुसट काळे पट्टे दिसत होते, मागे कांदळवन निळसर. लॅपटॉपवर मोठा करून बघितलं तर नॉइज, म्हणजे फोटोत येणारे दाणे, नुसता वाळूसारखा, एका मित्राने लगेच डिलीट कर म्हणून सांगितलं. मी नॉइज रिडक्शन अगदी हलकं मारलं, जास्त मारलं की अंगावरचे केस प्लॅस्टिकचे दिसतात, आणि ए3 प्रिंट काढली. कागदावर तो नॉइज हातभर अंतरावरून दिसतसुद्धा नाही. काकांनाही एक कॉपी दिली, त्यांनी फोटो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले पुढच्या वेळेला चिंबोरीचा कार, तिचा गिऱ्हाइकाला दाखवता येईल.