निळे ठिपके

ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला आमची प्रयोगशाळा आहे. रक्ताची मोजणी आता यंत्र करते, आणि त्याने शंका दाखवली तरच काचपट्टी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली येते. त्या दिवशी आलेली काचपट्टी छत्तीस वर्षांच्या एका टेम्पोचालकाची होती, हिमोग्लोबिन खूपच कमी, 8.4, आणि सोबतच्या चिठ्ठीवर फक्त ‘पोटदुखी, अशक्तपणा’ असे लिहिलेले होते.

पाहते तो तांबड्या पेशींत जाडसर, गडद निळे ठिपके विखुरलेले. शिशाच्या विषबाधेत असे ठिपके दिसतात: पेशी तयार होताना तिच्यात उरलेल्या आरएनए या रेणूचा निचरा ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) होतो, त्याच विकराला शिसे बंद पाडते आणि उरलेला गाळ असा ठिपक्यांच्या रूपात दिसतो. मात्र असे ठिपके थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही दिसतात आणि तो जिथे बराच आढळतो त्या उल्हासनगरपासूनचे नमुने तपासणाऱ्या आम्हा मंडळींच्या डोक्यात तोच आजार आधी येतो. संगणकात पाहिले, तर चार महिन्यांपूर्वी याच रुग्णाच्या अहवालावर मी स्वतः ‘थॅलेसेमियाचे वाहक असण्याची शक्यता’ असे लिहून सही केलेली होती. पुढच्या तपासणीत थॅलेसेमिया निघाला नाही, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि मीही तो विषय सोडून दिला. दरम्यान पोटातल्या कळांसाठी एका रुग्णालयात त्याचे अपेंडिक्स काढले गेले. ते निरोगी निघाले, आणि कळा तशाच राहिल्या.

मी त्याला नव्या नमुन्यासाठी बोलावून घेतले. पोट चार-चार दिवस साफ होत नाही, असे तो म्हणाला. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती. हात समोर धरायला सांगितले, तेव्हा उजवे मनगट नीट वर उचलले जाईना.

“टेम्पोशिवाय आणखी काही काम करता का?” मी विचारले.

तो गप्प राहिला. बायकोच म्हणाली, “मॅडम, रात्री हे शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडतात, आतलं शिसं वितळवतात. दोन वर्षं झाली. घरी आले की कपडे नुसते राखेने भरलेले असतात, ते मीच धुते.”

ते शेवटचे वाक्य ऐकून मी घरात लहान मूल आहे का, असे विचारले. चार वर्षांची मुलगी होती.

शिशाच्या तपासणीसाठी सबंध रक्तच पाठवावे लागते, कारण रक्तातले जवळजवळ सगळे शिसे तांबड्या पेशींत असते. सवयीने नुसते सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेला रक्तद्रव, पाठवले, तर अहवाल फसवा येतो. तिघांचेही नमुने पाठवले. त्याचे प्रमाण डेसिलिटरमागे 86 मायक्रोग्रॅम निघाले, बायकोचे 17 आणि मुलीचे 24. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 किंवा त्याहून अधिक प्रमाण आढळल्यास शिसे कुठून येते ते शोधून तो संपर्क थांबवायला हवा.

त्याला फिजिशियनकडे पाठवले. तिथे शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध सुरू झाले. मुलांना ते औषध साधारण 45 च्या पुढे देतात, त्यामुळे मुलीसाठी शेडचे काम बंद, घराची ओल्या फडक्याने पुसापुशी आणि लोह-कॅल्शियम एवढाच उपाय होता. आईला तो पटत नव्हता. “गोळी नाही का काही?” असे तिने दोनदा विचारले.

औषधाचा पहिला टप्पा संपला, तेव्हा त्याचे प्रमाण 34 वर आले होते. महिन्याभराने पाहिले तर 49. मला वाटले, हा पुन्हा शेडमध्ये जाऊ लागला, आणि फोनवर मी जरा तिखटच बोलले. तो म्हणाला, “मॅडम, पाऊल ठेवलं नाही तिथे.” त्याचे खरे होते. दोन वर्षांत हाडांत साठलेले शिसे आता हळूहळू रक्तात उतरत होते, आणि औषधाचा दुसरा टप्पा सुरू करावा लागला.