मुंबई ते न्यूयॉर्क : सहा तास वीस मिनिटं?

तिकिटावर मुंबई 01:10 आणि न्यूयॉर्क 07:30, तारीख दोन्हीकडे 16 मे. यांनी चष्मा सरसावून वजाबाकी केली. "अगं, सहा तास वीस मिनिटं! नाशिकहून नागपूरला रेल्वेने याहून जास्त लागतात." लेकीला फोन केला तर ती हसतच सुटली. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, तेवढे मिळवायचे. झाले 15 तास 50 मिनिटं.

खरी फजिती तारखेत होणार होती. सोळाची फ्लाइट म्हणून आम्ही गाडीही सोळालाच सांगून ठेवलेली. ड्रायव्हरच म्हणाला, "काकू, रात्रीचे एक दहा ना? मग पंधराला दुपारीच निघायला लागेल." आयुष्यभर बँकेत तारखा टाकल्या मी, आणि मध्यरात्रीनंतर तारीख बदलते हे मला त्याने सांगावं!

जायच्या आदल्या आठवड्यात नातवाच्या पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणून बघितला. मला वाटलं होतं विमान सरळ पश्चिमेला, आफ्रिकेच्या डोक्यावरून जाणार. दोरा ताणला की तो मात्र वर सरकायचा: तुर्कमेनिस्तान, रशिया, फिनलंड, थेट आइसलंडवरून ग्रीनलंडच्या टोकाशी. गोल 30 सेंमी व्यासाचा. दोरा पट्टीवर भरला 29 सेंमी आणि वर थोडा. म्हणजे साधारण 12,500 किमी.

प्रत्यक्षात आमचं विमान त्या दोऱ्यावरून गेलंच नाही. आधी अरबी समुद्र, मग युरोप, मग अटलांटिक. कुठली हवाई हद्द बंद आहे आणि वारा कसा आहे, त्यावर वाट ठरते म्हणे. समोरच्या पडद्यावर वेग कधी 780, कधी 820. पश्चिमेला जाताना वरचे जोराचे वारे समोरून येतात, म्हणून जाताना वेळ जास्त. पाय मात्र सुजले. दर दोन तासांनी मी शेवटच्या रांगेपर्यंत चक्कर मारत होते.

पंधराला दुपारी चारला नाशिक सोडलं. कसारा घाट, विमानतळावरचे तीन तास, तिकडची इमिग्रेशनची रांग, असं करत एडिसनला लेकीच्या दारात पोचले तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा झाले होते. घरून घरी 28 तास. लोक विचारतात तेव्हा मी आता हाच आकडा सांगते.

परतीचं विमान 10 नोव्हेंबरला सकाळी साडेअकराचं, मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी 12:10. या वेळी हिशेब मी केला: साडेनऊ वजा, 15 तास 10 मिनिटं. तोही चुकला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात, तेव्हा फरक साडेदहाचा होतो. वारा पाठीशी, म्हणून 14 तास 10 मिनिटंच लागली. यांना फोनवर मी भलतंच सांगून बसले होते. ड्रायव्हर मात्र वेळेवर हजर होता.