तुम्ही विचारलंत म्हणून: सिल्वेस्टर हे नाव

"मराठी इतकं छान बोलता, मग नाव असं कसं?" पंचवीस वर्षं ऐकतोय. आज एकदा नीट सांगतो.

माझा जन्म ३१ डिसेंबरचा, म्हणजे संत सिल्वेस्टरच्या सणाचा. वसईच्या आमच्या घरात आजीने तेवढ्यावर नाव ठरवलं. लॅटिनमध्ये सिल्वा म्हणजे रान, सिल्वेस्टर म्हणजे रानातला. हे संत इ.स. ३१४ ते ३३५ रोमचे पोप होते. त्यांनी रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइनचा कुष्ठरोग बरा केला आणि त्याला बाप्तिस्मा दिला, ही गोष्ट आजी रंगवून सांगायची. प्रत्यक्षात त्याचा बाप्तिस्मा ३३७ साली मृत्युशय्येवर झाला. तेव्हा सिल्वेस्टर जाऊन जवळपास दीड वर्ष झालं होतं. हे वाचलं तेव्हा आजी नव्हती, याचं मला बरंच वाटलं.

दुसरे सिल्वेस्टर ९९९ साली पोप झाले. मूळचे गणिती. अरबांकडून युरोपच्या वेशीवर पोचलेले भारतीय अंक त्यांनी मोजणीच्या पाटावर वापरले. नाव परकं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मी हे कितीदा फेकलंय! पण नाव माझं आहे एवढं पुरत नाही का? दाखला कशाला द्यायचा?

खरं सांगायचं तर हे नाव आधी मीच टाकलं होतं. नववीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत यादी वाचणारे सर थबकले. म्हणाले, "स्टेजवरून हे नीट उच्चारलं जाणार नाही. सुरेश म्हणू का?" मी म्हटलं, "चालेल." पहिला नंबर आला. "सुरेश" असा पुकारा झाला. बाबा चौथ्या रांगेत होते. शेताचं काम टाकून आले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते, कोण उठतंय ते बघत होते. मी उठलो तेव्हा त्यांचे हात मांडीवरच राहिले. एसटीत त्यांनी प्रमाणपत्र मागितलं, दोनदा वाचलं, घडी न घालता परत दिलं. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. आईने ते ट्रंकेत ठेवलं, भिंतीवर कधी लागलं नाही.

चौदा वर्षांचं पोर मोठ्या माणसाला नाही कसं म्हणणार, असं मी स्वतःला समजावत आलो. पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं. सरांवरचा माझा राग म्हणूनच पुरता टिकत नाही.

आणि मुलाचं नाव मी संस्कृत ठेवलं. का, ते बायकोलाही धड सांगता आलं नाही. पण आपल्याकडे मधलं नाव बापाचं. परवा शाळेतून आला आणि म्हणाला, "पप्पा, सगळे विचारतात, तुझं मधलं नाव असं का?"

मी त्याला म्हटलं, जेवून घे, मग सांगतो. अजून सांगितलेलं नाही.