माद्रिदमध्ये भेटलेली सिकान

माद्रिदचे पहिले तीन दिवस राजवाडा, बाजार आणि पायदुखी यांत गेले. त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. चौथ्या दिवशी, मार्च 2022 मधल्या एका सोमवारी, मी रेईना सोफिया संग्रहालयात गेलो, तेही संध्याकाळी सातनंतर प्रवेश फुकट असतो म्हणून. पिकासोच्या ‘गेर्निका’समोर पुढच्यांच्या डोक्यांखेरीज काही दिसेना, तेव्हा वैतागून बेल्किस आयोन या क्यूबन मुद्राचित्रकर्तीच्या प्रदर्शनात शिरलो.

तिथे ‘ला सेना’ (1991), म्हणजे ‘भोजन’, हे अनेक कागद जोडून केलेले भिंतभर काळे-पांढरे मुद्राचित्र होते. मेजाभोवतीच्या आकृत्यांना तोंडेच नव्हती. होते ते फक्त डोळे, आणि ते मेजाकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होते. मध्यभागी, शेवटच्या भोजनात येशू बसतो त्या जागी, क्यूबातल्या एका पंथाच्या कथेतली सिकान ही स्त्री होती.

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या परंपरेतून 1836 च्या सुमारास हवानाजवळच्या रेग्ला येथे आबाक्वा हा गुप्त पंथ उभा राहिला. त्याच्या मूळ कथेत नदीवर पाण्याला गेलेल्या सिकानच्या भांड्यात तान्से हा पवित्र मासा येतो आणि त्याचा आवाज सर्वांआधी तिलाच ऐकू येतो. पुढे गुपित फोडल्याच्या आरोपावरून तिचा बळी दिला जातो. पंथात मात्र प्रवेश केवळ पुरुषांना. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ ही म्हण मी आयुष्यभर सहज वापरली होती. तिथे ती आठवली तेव्हा ओशाळलो.

मग नाक कागदाला लागेल इतका जवळ गेलो. आयोन पुठ्ठ्यावर वेगवेगळ्या पोतांचे कागद कापून चिकटवत, कार्बोरंडम या खरखरीत पदार्थाची भुकटी लावत आणि त्यावर शाई भरून छाप काढत. जिथे खरखरीतपणा अधिक, तिथे शाई अधिक धरली जाते आणि काळोख दाटतो. अंगावरचा एकेक खवला वेगळा उठला होता. सिकानच्या आकृतीसाठी त्या स्वतःच्याच शरीराचा आकार वापरत, आणि 1999 मध्ये, अवघ्या 32 व्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपवले, हे वाचल्यावर त्या डोळ्यांपुढे उभे राहणे जड गेले.

नऊला रखवालदाराने नम्रपणे दाराकडे बोट दाखवले. उद्या पूर्ण तिकीट काढून दिवसभर बसायचे ठरवले. रात्रीच्या विमानाला पुष्कळ वेळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरचा फलक वाचला: मंगळवारी संग्रहालय बंद असते.