गच्चीवरचा नाताळ: पडदा झाला, पेटी जुळतेय

आधी यंदाची स्थिती सांगून टाकू. पडदा आणि चौकट तयार आहे, प्रोजेक्टरची जागा ठरली आहे. पिक्चरची यादी गाळून गाळून निम्म्यावर आली. मराठी सबटायटलचं काम चालू आहे. तीन गाणी पेटीवर बसली, चौथं अजून लयीत पळतंय. बाकी राहिली ती आवाजाची शेवटची जुळणी. ती २३ तारखेच्या संध्याकाळी गच्चीवरच करायची, कारण खोलीत जुळवलेलं गारठ्यात टिकत नाही.

जळगाव-भुसावळकडे डिसेंबरात घरच्या मंडळींसाठी गच्चीवर नाताळचे पिक्चर आणि गाणी लावणाऱ्यांना ही नोंद कामाला येईल. पहिलं सांगणं हेच की गाजलेल्या पिक्चरच्या याद्या बाजूला ठेवा. पिक्चर किती उजळ आहे, त्याची चौकट कोणत्या आकाराची आहे आणि तो किती मिनिटांचा आहे, या तीन गोष्टींवर गच्चीवरची संध्याकाळ जमते किंवा फसते. गाण्यांचंही तसंच, तिथे फक्त उजेडाच्या जागी पट्टी (सा कुठे धरायचा ते) येते.

पडदा

मोठ्या पडद्याचा मोह इथे नडतो. प्रोजेक्टरच्या खोक्यावर हजारोंनी लुमेन (उजेडाचं माप) छापलेले असतात, ते सोडून द्या. 'अन्सी लुमेन' असा, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला, आकडा दिला असेल तोच धरा. स्वस्तातल्या एलईडी प्रोजेक्टरला ३०० अन्सी लुमेन मिळाले तरी चांगले म्हणायचे. आता हिशेब बघा. १२० इंची पडदा म्हणजे २६६ × १४९ सेंमी, जवळपास ४ चौरस मीटर. त्यावर ३०० लुमेन पसरले की उजेड उरतो २४ निटच्या (पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप) आसपास. थिएटरचं प्रमाण ४८ निट आहे. १०० इंचाला ३५ निट मिळतात. ८० इंचावर, म्हणजे १७७ × १०० सेंमीवर आलात की ५४ निट होतात आणि चित्र उघडतं. हे गणित पडदा पूर्ण पांढरा धरून आहे. साधं कापड त्याहून थोडं कमीच परत देतं, म्हणून ८० इंचावर थांबायचं.

याचा दुसरा फायदा कापडाच्या दुकानात कळतो. ४४ इंच पन्ह्याचं पांढरं पॉपलिन आडवं लावलं की उंची ११२ सेंमी मिळते. १०० सेंमी चित्र, वर-खाली सहा-सहा सेंमी दुमडायला, आणि मधे शिवण नाही. शिवणीची रेघ नेमकी माणसांच्या चेहऱ्यावरून जाते, ती एकदा दिसली की पिक्चर संपेपर्यंत दुसरं काही दिसत नाही. दोन पदरांसाठी चार मीटर कापड घ्या. मांजरपाट नको, तो पिवळसर असतो आणि विणीतून उजेड पलीकडे सांडतो. पॉपलिनमागेही काळं कापड लागतंच. शेजारच्या गच्चीवरचा दिवा मागून आला तर काळ्या जागा राखाडी पडतात. कापड आधी धुऊन खळ काढा, म्हणजे आटायचं ते आटून घेईल, मग इस्त्री करून शिवा.

चौकटीला एक इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो पुरतात. पडदा सुतळीने बांधू नका. वाऱ्याने कापड फुगलं की सुतळी सैल पडते आणि परत ताणत नाही. दर वीस सेंमीवर इलॅस्टिकचा फासा घाला. चौकटीचे पाय विटांनी दाबा आणि वरचे कोपरे कठड्याला तिरके बांधा.

प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट) १.५ असेल तर अंतर १७७ × १.५, म्हणजे सुमारे २६५ सेंमी. स्टूल पडद्याच्या बरोबर मध्यावर आणि समोरासमोर हवं. तिरपा ठेवून कीस्टोनने चित्र सरळ केलं की कडेचे पिक्सेल वाया जातात, अक्षरं फुटतात. देवनागरी सबटायटलची वेलांटी आणि रफार आधी जातात.

काय लावायचं

८० इंची १६:९ पडद्यावर २.३९ आकाराचा (रुंदी उंचीच्या २.३९ पट) पिक्चर लावला की उंची उरते ७४ सेंमी. 'डाय हार्ड' (१९८८) इथेच बाद होतो. त्यात रात्र, काचा, अंधारे मजले, वर लांबी १३२ मिनिटं. मोठ्यांसाठी खोलीत टीव्हीवर ठेवा. (खलनायकाचं आडनाव ग्रूबर, आणि 'सायलेंट नाइट'ला चाल लावणाराही ग्रूबर. नाताळचा पिक्चर म्हणावा की नाही या वादात हा मुद्दा कुणी मांडत नाही.) 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' (१९९३) फक्त ७६ मिनिटांचा, पण निम्मा काळोख. कमी लुमेनवर पात्रं दिसतात, मागचे देखावे बुडतात.

'होम अलोन' (१९९०) मात्र गच्चीसाठीच काढल्यासारखा आहे. १.८५ची चौकट जवळपास सगळा पडदा भरते, घरातल्या प्रसंगांत लाल-हिरव्या रंगांचा भरपूर उजेड, लांबी १०३ मिनिटं. जॉन विल्यम्सचं संगीत ऐकायचं तर डबा स्पीकरवर नको, त्याचं पुढे सांगतो.

कृष्णधवल पिक्चर स्वस्त प्रोजेक्टरवर बरे दिसतात, कारण या प्रोजेक्टरांची खरी खोट रंगांत असते. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) १.३७चा आहे, म्हणजे आपल्या पडद्यावर १३७ सेंमी रुंद. बाजूच्या पट्ट्या काळ्या कापडाने झाका, चित्र एकदम ठळक होतं. रंग भरलेली आवृत्ती मिळाली तरी टाळा, चेहरे मेणाचे दिसतात. यातला बर्फ नीट बघा. पूर्वी स्टुडिओत पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स बर्फ म्हणून टाकत, ते पायाखाली कुरकुरत आणि संवाद नंतर भरावे लागत. इथे आग विझवण्याचा फेस, साबण आणि पाणी यांचा फवारा वापरला, म्हणून बर्फातले संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित करता आले. चित्रीकरण संपलं ते ऐन उन्हाळ्यात. भुसावळचा मे महिना ज्याने काढलाय त्याला त्या कोटातल्या नटांची दया येईल. लांबी १३० मिनिटं, म्हणून मधे चहा ठेवावाच लागतो.

लहान मुलं आणि आजी एकत्र बसणार असतील तर 'द स्नोमॅन' (१९८२). २६ मिनिटं, सुरुवातीचं थोडं निवेदन आणि एक गाणं सोडलं तर शब्द नाहीत, त्यामुळे सबटायटलची भानगड नाही. रंगीत पेन्सिलीचा पोत ८० इंचावर दिसतो, मोबाइलवर कधीच दिसत नाही. उडण्याचा भाग रात्रीचा आहे, तेवढ्यापुरता ब्राइटनेस एक पायरी वाढवा.

आवाज आणि अक्षरं

ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज असतो. लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेयरमध्ये जे आणि के या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने मागेपुढे होतो, पण सरळ उपाय ३.५ मिमीची ऑक्स वायर. संवाद पुटपुटल्यासारखे आणि संगीत कानठळ्या बसवणारं येत असेल तर ५.१चा (सहा स्पीकरांसाठीचा) ट्रॅक एका डब्यावर वाजतोय असं समजा. संवाद मधल्या चॅनलमध्ये असतात आणि तेच दबतात. मेनूतून स्टिरिओ ट्रॅक निवडा. दोन स्पीकर असतील तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर. जमिनीवर ठेवले की कठड्यात आवाज घुमतो.

सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. यूएसबी थेट प्रोजेक्टरला लावल्यावर जोडाक्षरं तुटत असतील तर लॅपटॉपवरून चालवा. अक्षरं संवादाच्या सारखीच मागे असतील तर जी-एच कळांनी सरकवता येतात. सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे जास्त चुकत जात असतील तर दोष वेगळा आहे. फाइल सेकंदाला २५ फ्रेमसाठी आणि पिक्चर २३.९७६चा, किंवा उलट. तासा-दीड तासात फरक काही मिनिटांवर जातो. 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलून घ्या.

याच भानगडीचा एक पोटभाग पेटीवाल्यांनी लक्षात ठेवावा. जुन्या पॅल (२५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीत २४ फ्रेमचा पिक्चर २५ने पळवलेला असतो. आवाज चार टक्के चढतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाऊण हिश्श्याने वर. त्या डीव्हीडीतल्या गाण्याबरोबर पेटी वाजवायला बसलात तर काळी-पांढरी कुठलीच पट्टी लागत नाही. पेटी ठीक आहे, तिला हात लावू नका.

पेटी

'सायलेंट नाइट' सगळ्यांना यायला हवं आणि सगळ्यांचं तिथेच अडतं. पाद्री जोसेफ मोरचे शब्द १८१६चे, ग्रूबरची चाल १८१८ची, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये २४ डिसेंबरला ते पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हा साथीला गिटार होती. त्यामुळे गिटारवर म्हणणं ही तडजोड नाही. सुरुवात सोपी: प ध प ग, प ध प ग. मग रें रें नी, सां सां प (डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक). अडचण पाचव्या ओळीत येते: रें रें मं रें नी सां गं. मंद्रात जायचं नाही, पण मध्य सापासून तार मपर्यंत अकरा स्वरांचा पल्ला आहे. पांढरी एक धरली की तार मध्यमावर बायका ओरडतात आणि पुरुष गप्प होतात. काळी पाच धरा, खालची. गिटारवाल्याने तिसऱ्या पडद्यावर कापो (तारा दाबून धरणारा चाप) लावून जी, सी आणि डी-सेव्हन एवढेच आकार वापरायचे. सहा मात्रांचं आहे म्हणून तबल्यावर दादरा धरायची घाई नको. 'धा धी ना' सुरू झालं की अंगाईची मिरवणूक होते. तबला बाजूला ठेवा.

'जॉय टू द वर्ल्ड'ची पहिली ओळ म्हणजे बिलावलाचा सरळ अवरोह: सां नी ध प म ग रे सा. बोटं कुणाचीही बसतात, फसते ती लय. सां लांब, नी त्याच्या पाऊणपट, ध अगदी आखूड, प पुन्हा लांब. सारखे स्वर वाजवले की क्लासमधला अलंकार ऐकू येतो. 'जिंगल बेल्स'चं ध्रुवपद सा ते प एवढ्यातच फिरतं, केरव्यात घ्या. हे १८५७चं गाणं, शब्दांत नाताळचा उल्लेखच नाही, तरी त्याच्याशिवाय पोरं सोडत नाहीत.

चौथं, जे अजून बसलेलं नाही, ते 'कॅरल ऑफ द बेल्स'. मूळ चाल युक्रेनच्या लिओन्तोविचची, इंग्रजी शब्द १९३६चे. 'होम अलोन'मध्ये चर्चच्या प्रसंगात आहे, म्हणून मुलांचा हट्ट. सगळा डोलारा चार स्वरांवर: कोमल ग, रे, कोमल ग, सा. पहिला ग एक मात्रा, रे आणि ग अर्धी-अर्धी, सा एक मात्रा. तीन मात्रांचं हे चक्र थांबत नाही आणि म्हणूनच पळतं. भाता मारणारा हात चक्राच्या पहिल्या मात्रेवर नको, तिथे झटका बसतो आणि बोटं त्यामागे धावतात. भाता दोन चक्रांत एकदा, सावकाश. ठेका एकाने टाळीने धरायचा, त्याने गायचं नाही.

बासरी असेल तर गारठ्याचा हिशेब ठेवा. हवा एक अंश थंड झाली की बासरी सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरते. खोलीतल्या २५ अंशांवरून गच्चीवरच्या १३ अंशांवर गेलात तर छत्तीसेक सेंट. फुंकरीने थोडं भरून येतं, पण पेटी जवळपास जागेवरच राहते आणि दोन्ही एकमेकांना टोचतात. गिटारच्या तारा उलट ताणून चढतात. वाद्यं अर्धा तास आधी गच्चीवर नेऊन ठेवा, मग जुळवा. तबला-ढोलकी मात्र शेवटी न्या, दवाने पुडी सैल पडते.

दव, धूळ, लाईट

घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच बॅटरी निम्मी वापरली तरी १२० वॉटवर, म्हणजे प्रोजेक्टर आणि स्पीकर मिळून, पाचेक तास निघतात. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकर गुणगुणतो, साइन वेव्ह हवा. दिव्याचा जुना प्रोजेक्टर असेल तर तो इन्व्हर्टरवरच लावा. लाईट जाऊन पंखा एकदम थांबला की तापलेल्या दिव्याचं आयुष्य घटतं. एक्स्टेन्शन बोर्ड विटेवर ठेवा आणि वायरला बोर्डाच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे दवाचं पाणी झोळावरून गळतं. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी प्रोजेक्टरची जाळी दर आठवड्याला झटकावी, या दिवसांत कापसाचे तंतू तिथे नमद्यासारखे बसतात. भरताची वांगी काड्यांवर भाजायची असतील तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला. धूर झोतात आला की झोत दिसतो, चित्र नाही.

वेळा

२४ तारखेला आपल्याकडे सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो, पावणेसातला पडदा लागण्याइतका अंधार होतो. त्या दिवशी 'द स्नोमॅन', मग गाणी, मग भरीत-पुरी. साडेआठला केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा नाताळ उपासनेचा कार्यक्रम बीबीसीवर थेट असतो (तिकडे दुपारचे तीन). १९१८पासूनची प्रथा, रेडिओवर १९२८पासून. सुरुवात एका मुलाच्या साथीविना आवाजाने होते. त्या आवाजावर व्हॉल्यूम ठरवलात तर ऑर्गन आणि सगळा गायकवृंद आल्यावर गल्ली जागी होते. आधी एखादं भरगच्च गाणं लावून आवाज ठरवा आणि बटणाला हात लावू नका.

मोठा पिक्चर २५ला. पावणेसातला सुरू केला तर १३० मिनिटांचाही चहासकट सव्वानऊला आटोपतो, दहानंतर स्पीकर वाजवायची वेळ येत नाही. प्रोजेक्टर खाली नेल्यावर लगेच पिशवीतून काढू नका. गार भिंगावर खोलीतली ऊब बाष्प धरते. अर्धा तास बंद पिशवीत राहू द्या, मग पुसून खोक्यात ठेवा.